पडद्यावरची दुसरी ओळ

चित्रपट पाहून प्रेक्षक बाहेर पडले की वाटेत बोलणे होते ते नायकाविषयी, नायिकेविषयी आणि गाण्यांविषयी. परंतु घरी पोचून रात्रीची जेवणे आटोपत असताना बायकामाणसांच्या बोलण्यात जी पात्रे येतात, ती बहुधा निराळी असतात. ती सासू काय खाष्ट होती, ती घरमालकीण वरून फटकळ पण आतून किती मायेची होती, अशी चर्चा तेव्हा रंगते. नायिकेसारखे दिसावे असे पुष्कळांना वाटते. पण त्या सासूसारखी, त्या घरमालकिणीसारखी माणसे प्रत्येकाने प्रत्यक्ष पाहिलेली असतात. पडद्यावरच्या या दुसऱ्या ओळीविषयी, आणि विशेषतः त्या ओळीत जवळजवळ अर्धशतक उभ्या राहिलेल्या एका मराठी अभिनेत्रीविषयी, मी आज चार शब्द बोलणार आहे. त्या अभिनेत्री म्हणजे ललिता पवार.

मी सरकारी नोकरीतला माणूस आहे. कचेरीतून निघणाऱ्या हुकमावर सही एकाची असते. परंतु त्या सहीपूर्वी कुणीतरी टिपण लिहिलेले असते, जुने कागद शोधून जोडलेले असतात, एखादी अडचण वेळीच निदर्शनास आणलेली असते. टिपण लिहिणाऱ्याचे नाव हुकमात येत नाही. पण त्याचे टिपण चुकले तर हुकूमही चुकतो. चित्रपटातील दुय्यम भूमिकेचे काम असेच आहे. कथेला वळण देणारी कृती पुष्कळदा तिच्याच हातून घडते आणि टाळ्या मात्र अन्यत्र पडतात.

ललिताबाईंचा जन्म 1916 सालच्या एप्रिल महिन्यात नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी त्यांचे वडील कापडाचे व्यापारी होते. ललिताबाईंचे मूळ नाव अंबा. ललिता पवार हे नाव पुढचे. त्यांनी चित्रसृष्टीत पाऊल टाकले ते पुण्यात, नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत. 1928 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात त्या बालकलाकार म्हणून झळकल्या. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ती भूमिका केली होती. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत येवल्याच्या व्यापाऱ्याची मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. त्या पंधरा वर्षांत समाजाने किती मोठे अंतर कापले होते, हे यावरून ध्यानात यावे.

त्या काळच्या मूकपटांवर अमेरिकेची छाया दाट होती. पर्ल व्हाइट आणि एडी पोलो यांच्या साखळीपटांनी आपल्याकडील थिएटरे गाजवली होती. डग्लस फेअरबँक्सचा 1924 सालचा ‘थीफ ऑफ बगदाद’ लोकांनी डोक्यावर घेतला होता. त्या धर्तीवर आपल्या कंपन्यांनी घोडदौडीचे, तलवारबाजीचे, बुरख्याआडच्या वीरांचे चित्रपट काढण्यास प्रारंभ केला. त्यांना लोक स्टंटपट म्हणत, आणि सुशिक्षित मंडळी त्यांच्याकडे पाहून नाक मुरडीत. या स्टंटपटांतच तरुण ललिताबाई नायिका म्हणून पुढे आल्या. ज्या बाईंना आपण डोईवर पदर घेतलेली करारी वृद्धा म्हणून ओळखतो, त्या एके काळी साहसपटांच्या नायिका होत्या, हे पुष्कळांना सांगूनही खरे वाटत नाही.

परंतु त्याला पुरावा आहे, आणि तो शाबूत आहे. आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निर्माण झाले. त्यांपैकी आज मूठभरच उरले आहेत. बाकीचे आगीत गेले, ओलीने कुजले किंवा चांदीसाठी वितळवले गेले. त्या मूठभरांत ‘दिलेर जिगर’ हा 1931 सालचा मूकपट आहे. गणपतराव पवारांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आपल्यापर्यंत पोचली. गादीसाठी भावाच्या जिवावर उठणारा राजबंधू, परागंदा वाढलेला राजपुत्र, रस्त्यावर कसरती करून पोट भरणारी तरुण जोडी, असा त्याचा मसाला आहे. त्या जोडीतील तरुणी म्हणजे ललिता पवार. हालचालीत चपळाई, नजरेत धिटाई आणि चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही, असे हे त्यांचे प्रथमदर्शन आजही घडू शकते.

बोलपट आले तेव्हा मूकपटांतील अनेक नटनट्यांचे बस्तान उठले. ललिताबाई टिकल्या. 1932 साली ‘कैलास’ या मूकपटाच्या आणि पुढे ‘दुनिया क्या है’ या बोलपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. 1939 साली भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये त्या दिसल्या. 1941 साली वि. स. खांडेकरांच्या कथेवर मास्टर विनायकांनी काढलेल्या ‘अमृत’ या चित्रपटात त्यांनी चांभाराच्या बायकोची भूमिका केली. वयाची पंचविशी गाठेपर्यंत साहसपट, इतिहासपट आणि सामाजिक चित्रपट अशा तिन्ही प्रांतांत त्यांचा हात फिरला होता. श्रोत्यांनी ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवावी. कारण पुढच्या प्रसंगाचा अर्थ लावताना ती उपयोगी पडणार आहे.

तो प्रसंग सर्वश्रुत आहे. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रण चालू असताना एका दृश्यात नायिकेच्या थोबाडीत मारायची होती. समोर भगवान होते. पुढे भगवानदादा म्हणून सर्वांच्या आवडीचे झालेले तेच हे नट. त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते, परंतु हात जोराने लागला. ललिताबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. दीर्घकाळ उपचार झाले. तो डोळा मात्र पूर्ववत झाला नाही. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या नायिकेचा चेहरा गेला, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने तिचे सर्वस्वच गेले.

ही हकीकत सांगताना लोक नेहमी एक वाक्य जोडतात: ती चपराक बसली म्हणूनच आपल्याला ललिता पवार मिळाल्या. हे वाक्य ऐकायला गोड आहे. त्यात दैवाची लीला आहे, नुकसानीतून नफा आहे. परंतु मला ते नेहमीच खटकत आले आहे. अपघात कोणालाही अभिनय शिकवीत नाही. चित्रीकरणात जायबंदी झालेली, आजारपणाने चेहरा बदललेली, वय झाले म्हणून बाजूला सारलेली कितीतरी माणसे त्या धंद्यात होती. त्यांची नावेही आज कोणी घेत नाही. ललिताबाईंपाशी चौदा वर्षांचा अनुभव होता. घोड्यावर बसण्यापासून चांभारणीच्या बोलण्या-वागण्यापर्यंत अनेक गोष्टी त्यांनी अंगी बाणवल्या होत्या. दुखापतीने त्यांच्यापासून एक प्रकारच्या भूमिका हिरावून घेतल्या. दुसऱ्या प्रकारच्या भूमिका त्यांनी स्वतःच्या कसबाने मिळवल्या. श्रेय द्यायचे तर ते त्या कसबाला द्यावे, चपराकीला नव्हे.

हे कसब कसे होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रभातचा ‘रामशास्त्री’. 1944 साली पडद्यावर आलेल्या या चित्रपटात ललिताबाईंनी आनंदीबाई साकारली. नारायणराव पेशव्यांचा खून 1773 सालचा. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका महाराष्ट्रातील मुलामुलांस पाठ असते. ती खरी की खोटी हा वाद इतिहासकारांचा. पडद्यावरच्या आनंदीबाईला मात्र ती आख्यायिका अंगावर वागवावी लागते. इतक्या बदनाम बाईचे काम आक्रस्ताळेपणाने करण्याचा मोह कोणासही व्हावा. ललिताबाईंचा जोर आरडाओरड्यावर नव्हताच. आवाज खाली आणून, मान किंचित कलती ठेवून, एखादा शब्द लांबवून त्या समोरच्याला गारठवीत. आणि तो जायबंदी डोळा त्यांनी झाकला नाही. पुढच्या साऱ्या कारकिर्दीत तो त्यांनी कॅमेऱ्यापुढे निःसंकोच ठेवला. भूमिका दुष्टाव्याची असली की तो डोळा मिचकावून डाव मांडताना दिसे. भूमिका मायाळू असली की त्याच डोळ्यात थकवा आणि सोशिकपणा दिसे. डोळा एकच होता; त्याला काय बोलायला लावायचे हे त्यांच्या हाती होते.

स्वातंत्र्यानंतर हिंदी चित्रपटात कौटुंबिक कथांना भरती आली. एकत्र कुटुंब, गरीब घरची सून, भोळा नवरा आणि कजाग सासू, हा साचा ठरून गेला. 1950 सालच्या व्ही. शांतारामांच्या ‘दहेज’मध्ये हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू ललिताबाईंनी अशी वठवली की पुढे तीस वर्षे त्या पंक्तीतले पहिले पान त्यांचेच राहिले. त्यांचे नाव सामान्यनाम झाले. गल्लीतली एखादी तोंडाळ म्हातारी ‘अगदी ललिता पवार’ ठरू लागली.

नटाला याहून मोठी पावती नाही असे कोणी म्हणेल. परंतु त्यात एक घोटाळा दडलेला आहे, आणि तो केवळ चित्रपटापुरता नाही. आपल्या देशात हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 साली झाला. सुनेच्या छळाबद्दल दंडविधानात 498-अ हे कलम 1983 साली घालण्यात आले. 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. त्या कलमात ‘पती किंवा पतीचे नातेवाईक’ असा शब्दप्रयोग आहे. कायद्याने पतीला पहिला मान दिला आहे! चित्रपटांनी मात्र हा क्रम उलटा केला. मुलगा अजाण, सासरा सज्जन पण दुबळा, आणि सारे पाप एकट्या सासूच्या पदरात. घराचे दार बंद होते ते कोणाच्या हुकमाने, हुंड्याची बोलणी बसून करतो तो कोण, पैसा कोणाच्या नावावर जमा होतो, हे प्रश्न त्या कथांनी क्वचितच विचारले. सगळ्या प्रेक्षकांचा राग एका बाईवर काढला की बाकीचे पुरुष मोकळ्या मनाने घरी जातात. ललिताबाईंनी तो राग वर्षानुवर्षे आपल्या अंगावर घेतला.

मात्र त्यांच्या चांगल्या भूमिकांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट जाणवते. त्यांच्या सासवांना भय वाटत असते. घरातली सत्ता म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि कोठीची खोली. तेवढीच सत्ता त्या बाईला जन्मभरात मिळालेली असते, तीही स्वतः सून म्हणून पुष्कळ सोसल्यावर. नवी मुलगी उंबरा ओलांडून आत येते तेव्हा तो जुडगा आपल्या कमरेचा सुटणार, ही धास्ती त्यांच्या हालचालींतून दिसते. पटकथेत हे लिहिलेले नसे. ते ललिताबाईंनी घातलेले होते.

आणि ज्यांनी त्यांना केवळ सासू म्हणून पाहिले, त्यांनी अर्धेच पाहिले. राज कपूरच्या 1955 सालच्या ‘श्री 420’मधील मुंबईच्या पदपथावर केळी विकणारी गंगामाई आठवा. परगावाहून आलेल्या उपाशी तरुणाला ती आधी फटकारते आणि मग जीव लावते. 1959 साली हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त त्या ख्रिस्ती घरमालकीण मिसेस डिसा झाल्या. भाड्यासाठी कटकट करणारी आणि त्याच भाडेकऱ्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारी ही बाई पाहून ज्यांचे डोळे ओलावले नसतील असे प्रेक्षक थोडे. या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्याच 1959 साली बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्या सोवळ्याओवळ्याची कर्मठ आत्या होत्या. एकाच वर्षात एकीकडे माया आणि दुसरीकडे विटाळ. दोन्ही खरे वाटावे असे. 1961 साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. 1962 च्या ‘प्रोफेसर’मध्ये कडक शिस्तीच्या प्रौढेच्या मनात उशिरा फुललेले प्रेम त्यांनी रंगवले, प्रेक्षक हसले, पण त्या बाईची कीव करून नव्हे.

सहाय्यक अभिनयासाठी वेगळे पारितोषिक असावे ही कल्पनाही फार जुनी नाही. अमेरिकेच्या ऑस्कर पारितोषिकांत ते 1936 सालच्या चित्रपटांपासून देऊ लागले, आणि पहिली मानकरी ठरली गेल साँडरगार्ड. रहस्यपटांत आणि भयपटांत थंड डोळ्यांची, कपटी स्त्री म्हणून तिची ख्याती झाली. पुढे अमेरिकेत डाव्या विचारांच्या कलावंतांवर बहिष्कार पडला. तिचा पती हर्बर्ट बायबरमन तुरुंगात गेला, आणि 1949 नंतर जवळजवळ वीस वर्षे तिला चित्रपटांचे दार बंद झाले. ललिताबाईंवर शारीरिक आघात झाला, गेलवर राजकीय. दोघींचेही नुकसान बाहेरून आले आणि दोघीही पुन्हा कामावर उभ्या राहिल्या. नायिका निवृत्त झाल्या की त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त होते. दुसऱ्या ओळीतील बाई नाहीशी झाली तर ती दिसत नाही हे समजायलाही लोकांना वर्षे लागतात.

आमचा बुढापारा हा रायपुरातील जुना मोहल्ला. बाल नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, 1877 ते 1879 या काळात याच भागात राहिले होते. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून मराठी घरे या प्रदेशात वसली. अशा घरांतील मुले बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी बोलतात, आत मराठी बोलतात. आमच्यासारख्यांना ललिता पवारांविषयी एक वेगळीच आपुलकी वाटे. त्या हिंदी बोलत, पण पदर सावरण्याची, हात ओवाळून बोलण्याची, वाक्याच्या शेवटी आवाज तोडण्याची ढब आमच्या घरच्या आजीसारखीच होती. आमच्या गल्लीत एक विधवा वृद्धा राहत. आवाज खणखणीत, शिस्त करडी. मुले त्यांना पाठीमागे ललिता पवार म्हणत. त्याच आजींकडे गल्लीतील चार घरांच्या किल्ल्या विश्वासाने ठेवलेल्या असत, आणि कोणाच्या घरी बाळंतीण आली की पहिला डिंकाचा लाडू त्यांच्याकडूनच जाई. टोपणनाव देणाऱ्यांना सासू आठवत होती. प्रत्यक्षात त्या मिसेस डिसाच्या जातकुळीतल्या होत्या.

1987 साली दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा मी लहान होतो. रविवारी सकाळी ज्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्या घरी निम्मी गल्ली जमे. मंथरा पडद्यावर आली की बायका बोटे मोडीत. ती मंथरा ललिताबाई होत्या. सव्वीस वर्षांपूर्वी, 1961 सालच्या ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटातही मंथरा त्यांनीच केली होती. आणि 2020 साली टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलांनीही त्या मंथरेवर दात खाल्ले.

मंथरेचा जरा विचार करावा. ती राणी नाही, राजाची आप्त नाही. कैकेयीच्या माहेरून आलेली एक कुबडी दासी. रामायणातील थोर व्यक्तींची नावे सांगताना तिचे नाव कोणी घेणार नाही. पण तिने कैकेयीचे कान फुंकले नसते तर राज्याभिषेक निर्विघ्न पार पडला असता, वनवास घडला नसता, सीताहरण झाले नसते, आणि वाल्मीकींना लिहायला फारसे उरले नसते. दुय्यम भूमिका म्हणतात ती ही. सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाईंनी ती करताना मंथरेला केवळ दुष्ट ठेवले नाही. आपल्या अंगावर वाढवलेल्या मुलीचे महत्त्व कमी होईल, ही म्हाताऱ्या दासीची तगमग त्यात होती. तिची बुद्धी वाईट होती. तिची माया खोटी नव्हती.

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यातील औंध येथे ललिता पवार यांचे निधन झाले. ज्या शहरात मूकपटातील बालकलाकार म्हणून त्यांचा प्रवास सुरू झाला होता, तेथेच तो संपला. मधल्या काळात शेकडो चित्रपट झाले. पोस्टरवर त्यांचे चित्र बहुधा कोपऱ्यात असे, नाव नायक-नायिकांच्या खाली असे. तरीही त्या चित्रपटांतील कितीतरी नायिकांची नावे आज आठवावी लागतात, आणि ललिताबाई न आठवताच डोळ्यांसमोर उभ्या राहतात.

श्रोतेहो, त्यांचे पुष्कळसे चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात. ‘अनाडी’ पुन्हा पाहाल तेव्हा थोडा वेळ नायकावरून नजर काढा. जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या घरमालकिणीकडे पाहा. दुसरा बोलत असताना ती काय करते, हात कोठे ठेवते, कोणत्या क्षणी मान फिरवते, हे न्याहाळा. आणि जमलेच तर आपल्या घरातील, आपल्या गल्लीतील ज्या एखाद्या बाईला आपण सोयीसाठी खाष्ट म्हणून टाकले आहे, तिच्याकडेही तितक्याच सवडीने पाहा.